मदत हवी आहे: १४ फुटी ॲल्युमिनियमची होडी मासेमारीसाठी घरीच तयार करतोय, मधला बाक कापू का?

गोठलेला मालवणी

नमस्कार मंडळी. मूळ गाव मालवण, सध्या मुक्काम मिनेसोटा. गेल्या ऑक्टोबरात एका म्हाताऱ्या शेजाऱ्याने घर विकताना आपली सपाट बुडाची ॲल्युमिनियमची जॉन बोट ट्रेलरसकट मला जवळपास फुकटात दिली. लांबी १४ फूट, बुडाची रुंदी ३६ इंच, आडवे तीन बाक. तेव्हापासून ती गॅरेजमध्ये आहे आणि आमची गाडी बाहेर बर्फात. घरातलं वातावरण कसं असेल ते समजून घ्या.

मनात आहे ते असं: मधला बाक कापून टाकायचा, पुढे उंच डेक करायचा, त्यावर उभं राहून गळ टाकायचा. डेकखाली सामानाचे कप्पे, पुढच्या टोकाला विजेवर चालणारी छोटी ट्रोलिंग मोटर, मागे ९.९ हॉर्सपॉवरची जुनी पेट्रोल मोटर. वॉलाय या माशाच्या मासेमारीचा मोसम मेच्या मध्यावर उघडतो, त्याआधी पाण्यात उतरवायची आहे. बरोबर मुलगा असेल, वय ९.

आतापर्यंत केलेलं काम: पाऊण इंची प्लायवूडच्या दोन शीट आणल्या. प्रेशर-ट्रीटेड, म्हणजे कुजायला नको. सांगाड्यासाठी टू-बाय-फोर, म्हणजे जाड लाकडी पट्ट्या, त्याही त्याच लाकडाच्या.

अडचणी अशा:
१. बाक कापला तर चालेल का? आत पिवळा फोम भरलेला दिसतो.
२. मोटर जिथे बसते त्या मागच्या फळीत पेचकस लोण्यासारखा शिरतो.
३. बुडाच्या काही रिव्हेटांवर आधीच्या मालकाने सिलिकॉन थापलंय. गळते की नाही ते माहीत नाही.

आजोबा खाडीत पाग टाकायचे, पण त्यांची होडी लाकडाची. त्यांच्याकडून शिकलेलं इथे काही उपयोगी पडेना. जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

तर्कटराव

गाडी आत घ्या, होडी बाहेर ठेवा. पहिला प्रश्न सुटला.

रिव्हेटवाला

मी मिशिगनमध्ये अशा दोन होड्या केल्यात, त्यातली पहिली बिघडवली. म्हणून हात जोडून सांगतो, करवत खाली ठेवा.

तो बाक बसायला आहे असं वाटतं, पण तो दोन्ही बाजूंच्या पत्र्यांना ताणून धरतो. काढला की लाटेवर होडी पिळवटते आणि रिव्हेट ढिले व्हायला लागतात. आतला फोमही उगाच नाही. होडी पाण्याने भरली तरी बुडू नये म्हणून तो असतो. एक घनफूट फोम साधारण ६० पौंड तोलून धरतो. फक्त एक करा: बाकाला छोटं भोक पाडून फोम ओला आहे का ते पाहा. जुना फोम वर्षानुवर्षं पाणी पितो आणि तेवढं वजन तुम्ही फुकट वाहता. ओला असेल तर काढून दुकानात मिळणारी गुलाबी किंवा निळी पॉलिस्टायरीनची शीट कापून घट्ट बसवा. पेट्रोलपासून मात्र जपा, त्यात ती विरघळते.

आता तुमचं प्लायवूड. ट्रीटेड लाकडात तांबं असतं. ओलं झालं आणि ॲल्युमिनियमला टेकलं की पत्र्याला खड्डे पडायला लागतात. लाकूड टिकेल, होडी जाईल. दोन्ही शीट परत करा, टू-बाय-फोरसुद्धा.

होडीवर क्षमतेची पाटी असेल. त्यावरचे आकडे इथे टाका.

गोठलेला मालवणी

पाटी आहे: ३ माणसं, माणसं-मोटर-सामान मिळून एकूण ५८५ पौंड, मोटर जास्तीत जास्त १५ हॉर्सपॉवर. माझं वजन २०५ (हसू नये), मुलाचं ७५.

रिव्हेटवाला

मग हिशोब मांडा. ५८५ मधून प्लायवूडच्या दोन शीट, धरा १३५. मागची मोटर ८५, बॅटरी ५५, ट्रोलिंग मोटर २५. उरले २८५. तुम्ही बापलेक २८०. राहिले ५ पौंड. पेट्रोलची टाकी, नांगर, टू-बाय-फोर आणि डबा अजून धरलेला नाही.

म्हणून सांगाडा दीड इंची ॲल्युमिनियम अँगलचा करा. वर अर्धा इंची साधं बाहेरच्या वापराचं प्लायवूड, तेही एकच शीट, फक्त पुढच्या भागाला. सगळ्या कडा आणि भोकं इपॉक्सीने बंद करा, पाणी तिथूनच शिरतं. अँगल होडीच्या आतल्या फासळ्यांना जोडा. बुडाच्या पत्र्याला ड्रिल लावायचं नाही, काहीही झालं तरी.

खाडीकाठची

मी मालवणातच असते, आमची फायबरची होडी आहे. ॲल्युमिनियममधलं मला कळत नाही, पण उंच डेकबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. आपल्याकडे होडी कलंडू नये म्हणून बाजूला उलांडी, म्हणजे तरंगता ओंडका लावतात, ती काही शोभेची नाही. तुमच्या अरुंद होडीला उलांडी नाही, त्यात २०५ पौंडांचा माणूस फूटभर उंचीवर उभा. मासा लागला की माणूस एका बाजूला झुकतोच, आणि त्याच वेळी बाबा काय करतायत ते बघायला पोरगं त्याच बाजूला येणार. डेक करायचाच तर बाकाच्या उंचीच्या वर नेऊ नका. आणि बसान मासे गावनत नाय काय?

गोठलेला मालवणी

ताई, शेवटचं वाक्य बायकोला वाचून दाखवलं. ती तुमच्या पक्षात गेली.

डेक बाकाच्या पातळीलाच करतो. मधला बाक राहील. बाकाला भोक पाडलं, फोम पिळला तर पाणी निघालं. गळती कुठे आहे ते कसं शोधायचं?

रिव्हेटवाला

होडी ट्रेलरवर असतानाच आत पाणी सोडा आणि खाली टॉर्च घेऊन झोपा. जिथून थेंब पडेल तिथे बाहेरून खुणेची रेघ ओढा. इंच-दीड इंचच भरा. तीन इंच भरलं तरी वजन पाचशे-सहाशे पौंडांच्या घरात जातं आणि ट्रेलर कुरकुरतो.

ढिला रिव्हेट पुन्हा ठोकता येतो. एकाने बाहेरून डोक्यावर जड लोखंडी ठोकळा दाबून धरायचा, दुसऱ्याने आतून हातोडी. हे दोघांचं काम आहे, आणि ठोकळा धरणाऱ्याशी आदल्या दिवशी भांडण झालेलं नसावं. पार झिजलेला असेल तर बंद टोकाचा पॉप रिव्हेट (एकाच बाजूने बसवता येणारा) घाला. साध्या पॉप रिव्हेटच्या पोटातून पाणी येतं. सिलिकॉन पूर्ण खरवडून काढा, त्यावर रंगही धरत नाही. त्या जागी बोटींसाठीचं पॉलियुरेथेन सीलंट वापरा.

पण सगळ्यात आधी मागची फळी. कुजलेली फळी अख्खी काढा, तिच्यावरून माप घ्या, पाऊण इंची साध्या प्लायच्या दोन थरांची दीड इंची फळी चिकटवून इपॉक्सीत मढवा. बोल्टांची भोकं आतूनही इपॉक्सीने माखा. ती मोटर मुलाच्या मागे लटकणार आहे.

वायरमन

विजेचं कोणी बोललं नाही म्हणून. ५५ पौंड रेट्याची १२ व्होल्ट मोटर पूर्ण वेगात ५० अँपिअरच्या आसपास ओढते. ६० अँपिअरचा ब्रेकर बॅटरीजवळच लावा, वायर ६ गेजची घ्या. ऋण टोकाची वायर वेगळी, थेट बॅटरीपर्यंत न्या. गाडीच्या बॉडीला देतात तशी होडीच्या पत्र्याला अर्थ देऊ नका, पत्रा आतून खाल्ला जातो. बॅटरी मागे न ठेवता मध्याच्या पुढे ठेवलीत तर मागच्या मोटरीचा भारही तोलला जाईल. लिथियमची घेतलीत तर वजन निम्म्यावर येतं, पण तुमच्या थंडीत शून्य सेल्सिअसखाली चार्ज करू नका.

गोठलेला मालवणी

सर्वांचे आभार. ताजी खबर: सात रिव्हेट गळतात. फळी काढली तर तिचा हातात भुसा आला. शीट दुकानाने परत घेतल्या, एक टू-बाय-फोर मात्र मी आधीच कापला होता, तो अंगणातल्या वाफ्याला लागेल. इपॉक्सी या थंडीत सुकेना, म्हणून फळी स्वयंपाकघरात वाळत घातली आहे. त्याबद्दल जे ऐकावं लागलं ते इथे लिहीत नाही.

शेवटचा प्रश्न: डेकवर कार्पेट घालू की नुसता रंग?

खाडीकाठची

कार्पेट नको. ओलं राहतं, गळ अडकतात, वास जात नाही. ओल्या रंगावर बारीक वाळू भुरभुरवा, पाय घसरणार नाही. आणि तुमच्याकडे मेमधलं पाणी केवढं थंड असेल! पोराला लाइफ जॅकेट घालाच.

रिव्हेटवाला

मिनेसोटात १० वर्षांखालच्या मुलाला ते कायद्यानेच घालावं लागतं. तुम्हीही घाला, पोरगं बघत असतं. नुसती ट्रोलिंग मोटर लावली तरी होडीची नोंदणी लागते. आणि रस्त्यावरून नेताना बुडाचं बूच काढून ठेवायचं, तोही नियम आहे. पाण्यात सोडताना ते परत लावायला मी पहिल्याच दिवशी विसरलो होतो. धक्क्यावर बघायला बरीच मंडळी होती.

गोठलेला मालवणी

बूच गाडीच्या किल्लीलाच बांधतो.