हाताने पराग लावूनही लाल भोपळ्याची कळी गळते, चुकतंय कुठे?

गच्चीवरचा मळा (कोथरूड)
नमस्कार मंडळी, गच्चीवर ग्रो बॅगमध्ये लाल भोपळा लावलाय. वेल मस्त पसरलाय, नर फुलं रोज सात-आठ येतात पण मादी फुलं आत्तापर्यंत पाचच आली आणि पाचही गेली. या पावसात मधमाश्या फिरकत नाहीत म्हणून मीच नर फूल तोडून, पाकळ्या काढून मादी फुलाच्या मधल्या गड्ड्यावर घासते, पिवळी पूड लागलेली डोळ्यांना दिसते, तरी तीन-चार दिवसांत खालचा छोटा भोपळा पिवळा पडून गळतो. पराग लागला म्हणजे काम झालं ना? मुलगा बारावीला आहे, तो म्हणतो परागीभवन झालं म्हणजे फलन झालं असं नसतं, पण पुढचं त्याला नीट सांगता येईना. खत कमी पडतंय का? मी डबे वगैरे आवरून साडेदहाला वर जाते, आधी शॉवरने सगळ्या झाडांना पाणी देते आणि मग हे काम करते.

वेलवाला हडपसर
ताई साडेदहा म्हणजे फार उशीर. भोपळ्याचं फूल पहाटे उमलतं आणि ऊन चढलं की मिटायला लागतं. सहा-साडेसहाला जा. खताचा काही संबंध वाटत नाही, वेल चांगला आहे म्हणताय ना.

निवृत्त बाई (वनस्पतिशास्त्र)
मुलगा अगदी बरोबर बोलला. पराग कुक्षीवर, म्हणजे तुम्ही घासता त्या मधल्या गड्ड्यावर, पडला म्हणजे तुम्ही स्वारगेटला पोचलात, कोल्हापूर अजून लांब आहे.

कुक्षीवरचा ओलावा शोषून परागकण फुगतो आणि त्यातून एक बारीक नळी बाहेर येते, ती परागनलिका. ही नळी फक्त टोकाला वाढते. आतला जिवंत माल सगळा पुढे पुढे सरकत राहतो आणि मागची रिकामी नळी थोड्या थोड्या अंतरावर बुचं मारून बंद होत जाते, हे पहिल्यांदा स्लाइडवर बघितलं तेव्हा मी वर्गात मोठ्याने ओरडले होते. नळीतून दोन पुंयुग्मकं (नर पेशी) प्रवास करतात, कुक्षीवृंतातून (कुक्षीखालच्या दांड्यातून) खाली अंडाशयात, म्हणजे त्या छोट्या भोपळ्यात, आणि तिथून एका बीजांडाच्या (ज्याची पुढे बी होते त्याच्या) छिद्रापर्यंत.

रस्ता कसा सापडतो? बीजांडातल्या अंड्याशेजारच्या दोन पेशी प्रथिनं सोडून नळीला बोलावतात. जपानच्या हिगाशियामा यांच्या गटाने २००९ मध्ये टोरेनियाच्या फुलात ती प्रथिनं शोधून काढली. हो, तीच टोरेनिया, नर्सरीत मिळते ती जांभळी. नळी त्यातल्या एका पेशीत शिरून फुटते, मग एक पुंयुग्मक अंड्याशी जुळतं आणि त्याचा भ्रूण होतो, दुसरं मधल्या दोन केंद्रकांशी जुळून भ्रूणपोष, म्हणजे भ्रूणाचं अन्न, तयार होतो. हे द्विफलन (दोनदा जुळणं) नवाशिन यांनी १८९८ ला दाखवलं. शहाळ्याचं पाणी आणि मलई म्हणजे हा भ्रूणपोषच. भोपळ्याच्या बीत मात्र वाढणारा भ्रूणच तो संपवून टाकतो, आपण सोलून खातो ती त्याची दोन दळं.

आता तुमच्या कामाचं. प्रत्येक बीजासाठी स्वतंत्र नळी पोचावी लागते. खडकवासल्याला भुट्टा खाताना मधेच दाणे नसलेली जागा दिसते ना, कणसाचा प्रत्येक केस म्हणजे एका दाण्याचा रस्ता, ज्या केसातून नळी पोचली नाही तिथे दाणा नाही. भोपळ्याच्या अंडाशयात तर शेकड्याने बीजांडं असतात, पुरेशा नळ्या पोचल्या नाहीत तर वेल ते फळ पोसतच नाही, सोडून देतो. म्हणून एका मादी फुलाला दोन-तीन ताजी नर फुलं वापरा.

आणि शॉवर! साध्या पाण्यात परागकण पाणी ओढून घेतो आणि फुटतो, नळी येणारच नाही. उशीर आणि ओली कुक्षी, माझ्या मते फुलं या दोन्हींमुळे गेली. आदल्या संध्याकाळी कळीचं टोक पिवळं झालेलं दिसतं, तेव्हाच नर-मादी दोन्ही कळ्यांची तोंडं दोऱ्याने सैल बांधून ठेवा, पाऊस आत जाणार नाही. पाणी फक्त मुळाशी.

मुलाला नळी बघायची असेल तर सदाफुलीचं ताजं फूल घ्या, पराग वरून दिसत नाही, फुलाचा गळा सुईने चिरावा लागतो. १०० मिली पाण्यात १० ग्रॅम साखर आणि बोरिक पावडरचे अगदी दोन-चार कण, त्याच्या थेंबात पराग टाकून तासाभराने मायक्रोस्कोपखाली बघा. बोरॉन नसेल तर नळ्या नीट वाढत नाहीत. ही नळी पहिल्यांदा बघितली इटलीच्या आमिची यांनी, १८२४ ची गोष्ट, आणि ती कशात माहितीय? आपल्या घोळीच्या भाजीच्या फुलात!

सीताफळवाला सासवड
बाईंनी भुट्ट्याचं सांगितलं तसंच आमच्या सीताफळाचं. प्रत्येक डोळा म्हणजे वेगळा स्त्रीकेसर, त्यात एकच बी. एका बाजूला पराग पोचला नाही की ती बाजू भरत नाही आणि फळ वाकडं होतं, मार्केटला ते बाजूला काढतात. यात आणखी अडचण म्हणजे एकाच फुलात कुक्षी आधी तयार होते आणि पराग नंतर सुटतो, म्हणून आम्ही दुसऱ्या फुलांचा पराग गोळा करून ब्रशने लावतो. कडक उन्हाळ्यात कुक्षी सुकते आणि सेटिंग (फळ धरणं) कमी, हवेत दमटपणा आला की फरक लगेच दिसतो. ताई, ब्रश वापरत असाल तर तो पण कोरडा ठेवा.

गच्चीवरचा मळा (कोथरूड)
बारा दिवसांनी लिहितेय. त्यानंतर दोन मादी फुलं आली. दोन्ही आदल्या संध्याकाळी बांधली, सकाळी सव्वासहाला तीन-तीन नर फुलं लावली आणि परत बांधली. एक गळलं. दुसरं टिकलं, आता नारळाएवढं झालंय, खाली विटेवर टेकवून ठेवलंय! बाई, मुलाने कॉलेजच्या लॅबमध्ये सदाफुली करून बघितली, पहिल्या थेंबात साखर विसरला तर सगळे कण फुटले, दुसऱ्यात नळ्या आल्या, त्यातली एक कणाच्या सात-आठपट लांब. फोटो मोबाइलवर काढलाय पण इथे चढत नाहीये. आता तो विचारतोय भोपळ्याचा पराग याच पाण्यात चालेल का, की साखर कमी-जास्त करायची?

निवृत्त बाई (वनस्पतिशास्त्र)
प्रत्येक झाडाचं साखरेचं प्रमाण वेगळं असतं. ५, १०, १५ टक्के असे तीन थेंब शेजारी शेजारी करायला सांगा आणि पराग पहाटेच्या फुलाचाच घ्या. काय दिसलं ते इथे लिहा, मी वाट बघते.