मदत हवी आहे: लेक ‘मी’ म्हणतच नाही

नमस्कार. आम्ही कोल्हापूरचे. लेक पहिलीत आहे, पण अजून स्वतःला ‘पिल्लू’च म्हणते. काल रंकाळ्यावर भेळेच्या गाडीपाशी म्हणाली, ‘पिल्लूला तिखट नको.’ वहीतही तेच: ‘आई आली. आईने भाजी आणली. आईने भाजी निवडली.’ ‘तिने’ एकदाही नाही. घरात आम्हीच ‘पिल्लू जेवलं का?’ असं विचारतो, त्याचाच हा परिणाम असणार. त्यात आजी इकडच्या बायकांसारखी ‘मी आलो’ म्हणते आणि पुस्तकात ‘मी आले’. आजीचं बोलणं मला बदलायचं नाही, ते आपलं आहे. पण लेकीचा गोंधळ कसा सोडवू? ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतला फरक खेळातून कुणी शिकवलाय का? सारखं टोकलं की ती गप्पच बसते.