द जॅस्मिन थ्रोन: आच मंदच आहे

‘शृंगार म्हणून घेतलं आणि राजकारण वाचत बसलो’, ही या पुस्तकाबद्दलची एका वाचकाची तक्रार रास्त आहे. ताशा सूरींच्या या कादंबरीत (२०२१) पहिल्या चुंबनालाच निम्मं पुस्तक सरतं. पण ओढ खरी वाटते. चितेवर जायला नकार देणारी राजकन्या मालिनी पडक्या मंदिरात कैद आहे, मद्यातून तिला विष दिलं जातंय. मोलकरीण प्रिया स्वतःची शक्ती लपवतेय. दोघींना एकमेकींचा वापर करायचाय, आणि ते दोघींनाही ठाऊक आहे! म्हणून साधा स्पर्शही जोखमीचा होतो.

खरी खोट निवेदकांच्या गर्दीत. भूमिका, अशोक, राव... रंग चढला की प्रकरण बदलतं. भूमिका या पात्राचं मात्र चालेल, ती सर्वांत भक्कम लिहिलीय. जास्त धग हवी असेल तर दुसरा भाग, ‘द ओलिअँडर स्वोर्ड’.