आठ दिवस म्हणजे काहीच नाही

ताई, प्राण्यांच्या शेल्टरमधून कुत्री आणून आठ दिवस झाले तरी पलंगाखालून निघत नाही, परत नेऊन द्यावी का, असं विचारलंत. नका देऊ! आमची चंपी परभणीच्या घरी आली तेव्हा २२ दिवस न्हाणीजवळच्या कोपऱ्यात बसून होती.

तिला ओढून काढू नका, वाकून डोळ्यांत बघू नका. तिच्याकडं कूस करून खाली बसा, भाजी निवडा, हळू बोला. मी रोज त्याच वेळेला उकडलेल्या अंड्याचा तुकडा ठेवायचो, दिवसागणिक वीतभर अलीकडं. २३व्या दिवशी तिनं माझा तळहात हुंगला. त्या रात्री आनंदानं झोप आली नाही मला. (कांदा-लसूण घातलेलं मात्र देऊ नका, कुत्र्यांना बाधतं.)

झोप आलेली नसताना जांभई, सारखे ओठ चाटणं, मान फिरवणं ही बहुतेक भीतीच असते. तेव्हा आपणच मागं सरायचं.

बाहेर नेताना अंगात नीट बसणारा हार्नेस (छाती-पाठीभोवती बांधायचा पट्टा) घाला. भेदरलेलं कुत्रं मागं सरकून गळ्यातला पट्टा सहज काढतं, आणि आपल्याकडं लग्नसराईत डीजे कधी दणाणेल सांगता येत नाही. सध्या पहाटेच न्या, दुपारच्या डांबरानं पंजे भाजतात.

रेबीजच्या लशीची नोंद तेवढी शेल्टरमधून मागून घ्या.