शब्दचर्चा : दीन, लीन, नम्र

म्हापशाहून (प्रश्न) : फेस्ताआधीच्या (चर्चच्या सणाआधीच्या) नोव्हेनांसाठी, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थनांसाठी, मराठी टिपणे छापायची आहेत. विषय असा की देव जगातल्या थोरांना सोडून साध्या माणसांकडून आपले काम करून घेतो. कोकणी प्रवचनात ‘खाल्तिकाय’ हा एकच शब्द पुरतो. मराठीत कोणी ‘नम्रता’ लिहितो, कोणी ‘लीनता’, कोणी ‘दीनता’. एकच शब्द ठरवून सगळीकडे घातला तर चालेल का?

मडगावहून : नाही चालणार. यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत, माणसाची स्थिती आणि माणसाची वृत्ती. ‘दीन’ ही स्थिती. पैसा नाही, आधार नाही, पत नाही. ‘लीन’ ही वृत्ती, स्वतः होऊन घेतलेला कमीपणा. नव्या कराराच्या मूळ ग्रीकमध्ये ‘तापेइनोस’ हा एकच शब्द दोन्हींसाठी येतो. त्याचा मूळ अर्थ सखल, जमिनीलगतचा. कोकणीतला ‘खाल’ही तसाच, म्हणून तिथे अडचण येत नाही. मराठीत मात्र प्रत्येक ठिकाणी ठरवावे लागते.

सगळ्यात जास्त चूक होते ती येशूची आई मरीया हिच्या स्तोत्रात, लूक 1:48 मध्ये. देवाने आपल्या दासीच्या ‘तापेइनोसिस’कडे पाहिले, असे ती म्हणते. इथे ‘नम्रता’ लिहिले की मरीया स्वतःच्याच नम्रतेची वाखाणणी करते आहे असे वाक्य होते, आणि नम्रता तिथेच संपते. शब्द स्थितीचा आहे. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात हन्ना मूल नाही म्हणून मंदिरात रडते, तेव्हा तिच्या कष्टी दशेलाही हाच शब्द आहे (1 शमुवेल 1:11). म्हणून ‘दैन्यावस्था’ बरोबर. चार ओळींनंतर, 1:52 मध्ये, राजे आसनावरून खाली येतात आणि ‘दीन’ वर चढतात. तिथेही ‘नम्र’ लिहिले तर सिंहासनाशी असलेली जोडी तुटते.

फोंड्याहून : पटले. पण ‘नम्र’ पूर्ण बाद का करायचा? नम् म्हणजे वाकणे, धातू तर चांगला आहे.

मडगावहून : धातू चांगला, वापराने झिजला. ‘नम्र विनंती’, ‘आपला नम्र’ असे अर्जाच्या तळाशी लिहून लिहून तो बोलण्याच्या रीतीपुरता उरला आहे. गोड बोलणारा गर्विष्ठ माणूसही ‘नम्रपणे’ बोलू शकतो. फिलिप्पै 2:8 मध्ये ख्रिस्त मरणापर्यंत खाली उतरतो. तिथे ‘नम्र झाला’ फार हलके पडते, ‘स्वतःला लीन केले’ हेच हवे.

‘लीन’ वापरताना मात्र एक जपा. तो ‘ली’ धातूचा, चिकटणे, विरघळणे. ‘भक्तीत लीन’, ‘ध्यानात लीन’ म्हटले की अर्थ ‘गढून गेलेला’ असा होतो. म्हणून त्याच्याआधी ‘-त’ नको. ‘मनाने लीन’, ‘स्वतःला लीन करणे’, ‘चरणी लीन’ एवढे वापरा.

पडताळा असा घ्या. शब्दाच्या जागी ‘लाचार, निराधार’ घालून वाचा. वाक्य उभे राहिले तर ‘दीन’. नाहीतर ‘कमीपणा घेतला’ घालून पाहा. ते बसले तर ‘लीन’.

डिचोलीहून : मूळ विषयाचा गाभा 1 करिंथ 1:26–29 मध्ये आहे, आणि तिथे वेगळाच घोटाळा होतो. 26 व्या ओवीत हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल म्हणतो, तुमच्यात ‘एउगेनेस’ फार नव्हते. 28 व्या ओवीत म्हणतो, देवाने ‘आगेनेस’ निवडले. ही जोडी कुळाची आहे, कुलीन आणि अकुलीन. दुसऱ्या ठिकाणी ‘हीन’ किंवा ‘नीच’ घातले की वाचकाला तो स्वभावाचा दोष वाटतो. आपल्याकडे ‘नीच’ ही शिवी आहे.

तसेच प्रेषितांची कृत्ये 4:13. पेत्र आणि योहान यांना तिथे ‘इदिओतेस’ म्हटले आहे. त्याचा अर्थ त्या विषयाचे रीतसर शिक्षण नसलेला माणूस. ‘अज्ञानी’पेक्षा ‘सामान्य माणसे’ नेमके.

आणि 2 करिंथ 4:7 मध्ये ‘मृण्मय पात्रे’ कृपा करून लिहू नका. आमच्या डिचोलीचे कुंभार घडवतात ती मातीची भांडीच पौलाला अभिप्रेत आहेत. भाजलेली, स्वस्त, आपटले की फुटणारी. संस्कृत शब्दाने ते भांडे देवघरात जाऊन बसते.

फोंड्याहून : ‘लहानपण देगा देवा’ याच अर्थाने टिपणात घेता येईल का? लोकांच्या तोंडी आहे.

डिचोलीहून : घ्या, पण फरक सांगून. तुकोबांच्या त्या अभंगात महापुरात झाडे जातात आणि लव्हाळे वाचतात. लहानपणाने माणूस राखला जातो. पौलाचा रोख निवडीवर आहे. देव दुबळे निवडतो ते कोणी फुशारकी मारू नये म्हणून. गिदोनाच्या गोष्टीत हे आकड्यांत दिसते (शास्ते 7). लढाईसाठी त्याच्याकडे 32,000 लोक जमले, भिणारे 22,000 घरी गेले, 10,000 उरले, तेही देवाला जास्त झाले. शेवटी 300. कारण तिथेच दिले आहे : नाहीतर इस्राएल म्हणेल, आमच्याच हाताने आम्ही वाचलो. इथे ‘लहानपण’पेक्षा ‘दुर्बळ’ किंवा ‘थोडके’ बरे.

म्हापशाहून : आभारी आहे. मग संत जुझे वाझ यांच्याबद्दल काय लिहावे, ‘दीन’ की ‘लीन’?

मडगावहून : ‘लीन’, निःसंशय. 1651 साली बाणावलीत जन्मले ते कुलीन घराण्यात, शिकलेले पाद्री. 5 ऑगस्ट 1677 रोजी सांकवाळ येथे त्यांनी मरीयेचा गुलाम म्हणून स्वतःचे दास्यपत्र लिहून दिले, आणि पुढे मजुराच्या वेषात श्रीलंकेत उतरले. कमीपणा त्यांनी आपणहून घेतला. त्या पत्रासाठी ‘सेवक’ लिहू नका. सेवक पगार घेतो, नोकरी सोडू शकतो. फिलिप्पै 2:7 मध्येही ‘दूलोस’ आहे, म्हणजे ‘दास’. दोन्हीकडे तोच शब्द ठेवा, म्हणजे ऐकणाऱ्याला धागा लागेल.