रातच्या गाडीनं जावं का? तुमचे अनुभव लिहा

कपाशीवाली:
परवा माळ्यावरची पेटी उतरवली तर तळाशी बाबांची साखळी सापडली. बर्थखाली ट्रंक बांधायची ती, कुलपासकट. हातात घेतली आणि एकदम कॉलेजचे दिवस आठवले. मला परीक्षेला मुंबईला जायचं होतं आणि घरात नुसता वाद. आई म्हणे पोरीची जात, रातच्या गाडीनं नको. बाबा म्हणत, दिवसभर बसून अंग आंबवून ती पेपर काय लिहील? बाबांचंच चाललं.

आता माझ्या लेकीला मुंबईत नर्सिंगची नोकरी लागली. आमचं गाव तिवसा तालुक्यात. हे म्हणतात ट्रॅव्हल्सनं पाठव, समृद्धीनं सकाळी पोचते. सासूबाईंचं म्हणणं, एकटी पाठवूच नका. माझं मन रेल्वेच्या स्लीपरकडे आहे. गाडीत बसल्यावर ती नीट जाईल, पण गाव ते स्टेशन हा तुकडा जीव खातो. शेवटची एसटी गेली की आमच्याकडे काहीच नाही. तुम्ही अशा वेळी कसं ठरवलं? सविस्तर लिहा सगळ्यांनी.

वर्धेकर:
स्लीपर. ट्रॅव्हल्सचं नाव नका काढू. 1 जुलै 2023 ला सिंदखेडराजाजवळ समृद्धीवर बस जळाली, 25 जीव गेले, त्यात आमच्या वर्ध्याकडचेही होते. तेव्हापासून आमच्या घरात रातची बस बंद म्हणजे बंद.

तिखट_पुरी:
अभिनंदन लेकीचं!! कोणत्या हॉस्पिटलात? माझी भाची पण नर्सिंगच करते. मुंबईत राहायची सोय झाली का?

कपाशीवाली:
होस्टेल आहे ताई, पहिले सहा महिने. धन्यवाद :)

बडनेऱ्याचा_मामा:
ताई, चांदूरहून बसवू नका. तिथं गाडी एक-दोन मिनिटं थांबते, अंधारात डबा शोधता शोधता जीव जातो. अमरावतीहून मुंबईची गाडी संध्याकाळी सुटते, तिथूनच निघते म्हणून फलाटावर आधीच लागलेली असते. आरामात सामान लावा, पाणी भरून द्या, शेजारी कोण आहे ते पाहा, मग उतरा. आणि तुम्हाले तिवश्याले परत जायले तेवढ्या वेळी बस भेटते. मी माझ्या दोन्ही पोरींले असंच पाठवलं.

सोनचाफा:
स्वयंपाक करता करता लिहितेय. तिकीट काढताना कोटा ‘लेडीज’ निवडा. लांबच्या मेल-एक्सप्रेसमध्ये स्लीपरला बायकांसाठी सहा बर्थ वेगळे असतात, एकट्या बाईला वयाची अट नाही. बऱ्याच जणींना माहीतच नसतं. वेटिंग दिसलं की लोक नाद सोडतात. आणि आरक्षण आता 60 दिवस आधीच उघडतं, पूर्वीसारखं 120 नाही, तारीख लक्षात ठेवा. कुकरची शिट्टी झाली, येते.

दारव्ह्याचा_शेतकरी:
मी इथं फार लिहीत नाही, पण हे वाचून राहवलं नाही.

2017 साली बायकोचं परळला कॅन्सरचं दाखवायचं ठरलं. घरात कोणी म्हणे गाडी करा, भाऊ म्हणे मी पैसे देतो. मी म्हटलं उपचाराले किती लागतील माहीत नाही, गाडीभाड्यात का घालायचे. दवाखान्याच्या फॉर्मवर डॉक्टरची सही-शिक्का घेऊन बडनेऱ्याच्या खिडकीवर गेलो. स्लीपरमध्ये पेशंटचं भाडं पूर्ण माफ होतं, सोबतच्याले 75 टक्के सूट. हे तिकीट खिडकीवरच मिळते, मोबाईलवर नाही. ज्याले गरज असेल त्यानं ध्यानात ठेवा.

जाताना काही वाटलं नाही. येताना केमो झालेला. तिला कशाचाच वास सहन होईना, समोरच्यानं डबा उघडला की तोंड फिरवायची. तो माणूस अकोल्याचा होता. काही न विचारता डबा बंद करून दाराजवळ जाऊन उभ्यानं जेवून आला. मधला बर्थ रात्री दहा ते सहा उघडता येतो, पण त्या खणातल्या लोकांनी तो उघडलाच नाही, तिले उठून बसता यावं म्हणून. ज्याचा मधला होता तो पोरगा आपल्या दोस्ताच्या बर्थवर अर्धा-अर्धा झोपला. एसी डब्यात हे झालं नसतं असं मी म्हणत नाही, मी त्यात बसलोच नाही. पण नंतर दर वेळी आम्ही स्लीपरच घेतला. खिडकी उघडता येते, तिले वारा लागायचा.

मुंबईत दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहिलो. आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या शेणगावच्या बाबाचं नाव तिथं मोठ्या अक्षरात पाहून बायको म्हणाली, आपण घरीच आलो. ती आता बरी आहे, यंदा तुरीत निंदणाले गेली होती.

तिखट_पुरी:
दादा, वाचून डोळे भरले. वहिनींना नमस्कार सांगा.

सोनचाफा:
दादा, त्यांना उदंड आयुष्य लाभो. आमच्या शेजारच्या काकांना हेच हवं होतं, फॉर्मचं सांगते त्यांना आजच.

जुना_यवतमाळकर:
आमच्या वेळी प्रश्नच नव्हता बावा. यवतमाळहून शकुंतला, म्हणजे आपली छोट्या लाईनीची गाडी, पकडा, 113 किलोमीटर मूर्तिजापूरले, तिथून मोठी लाईन. 1994 पर्यंत वाफेचं इंजिन होतं तिले. दारव्ह्याले गार्डाशी बोलून घ्यावं, लाडखेडले कोणी पाहुणा चढावा. मूर्तिजापूरच्या फलाटावर सतरंजी टाकून रातच्या गाडीची वाट पाहणं म्हणजे आम्हा पोरांले जत्राच. आता वर्ध्याहून कळंबपर्यंत 2024 मध्ये नवी लाईन सुरू झाली, ते पाहायले मुद्दाम गेलो होतो.

वर्धेकर:
काका शकुंतलेवर वेगळा धागा काढा, आम्ही सगळे येतो. माझी आजी अचलपूरची.

बडनेऱ्याचा_मामा:
काढाच काका. अचलपूरवाल्या फाट्यानं मी लगनाले गेलो होतो लहानपणी.

रेल्वेतला_निवृत्त:
थोडं कामाचं. 139 हा रेल्वेच्या मदतीचा नंबर लेकीच्या फोनमध्ये आणि हातावरही लिहून द्या, फोन बंद पडतो. आरपीएफची, म्हणजे रेल्वे सुरक्षा दलाची, ‘मेरी सहेली’ म्हणून सोय आहे, एकट्या बाईच्या प्रवासात त्यांच्या महिला शिपाई बर्थवर येऊन विचारपूस करतात. अजून एक, 1989 च्या रेल्वे कायद्यात कलम 139 आहे, नंबर योगायोगानं तोच. एकट्या बाईकडे तिकीट-पास नसला तरी तिला वाटेल त्या स्टेशनावर, रात्री-बेरात्री उतरवता येत नाही. उतरवायचंच तर ती चढली ते स्टेशन, जंक्शन, शेवटचं स्टेशन किंवा जिल्ह्याचं ठिकाण, आणि तेही दिवसा. नोकरीत असताना मी हे नव्या पोरांना आधी शिकवायचो. आरएसी, म्हणजे पूर्ण बर्थ न मिळता नुसती बसायची जागा, निघालं तर साईड लोअरवर दोघांत बसावं लागेल, पण गाडीत चढता येतं. ऑनलाईन वेटिंग राहिलं तर तिकीट आपोआप रद्द होतं, त्या भरवशावर घरातून निघू नका.

तिखट_पुरी:
डब्यात काय देणार? दशम्या द्या, दुधात भिजवलेल्या, दोन दिवस मऊ राहतात. सोबत कोरडी चटणी. ठेचा नका देऊ, रात्री तहान लागते.

सोनचाफा:
दशमीत गूळ घालता का तुम्ही? आमच्याकडे फक्त दूध-मीठ.

तिखट_पुरी:
गूळ घालतो आम्ही, थोडाच. मग चटणी वेगळी.

कपाशीवाली:
सगळ्यांचं वाचलं, सासूबाईंनाही वाचून दाखवलं. दारव्ह्याच्या दादांचं ऐकून त्या गप्पच बसल्या, मग म्हणाल्या, स्लीपरच काढ, पण खिडकीची जागा पाहून. ह्यांनाही पटलं. अमरावतीहूनच बसवणार, लेडीज कोट्यात खालचा बर्थ मिळाला. मी आणि हे दोघंही सोडायला जाऊ. निवृत्त काका, 139 लेकीनं सेव्ह केला. दशमीत मी गूळ घालणार आहे.

बडनेऱ्याचा_मामा:
लय चांगलं केलं. गाडी अमरावतीहून निघाली की बडनेऱ्याले थांबते. डबा नंबर कळवा, मी आणि मामी फलाटावर येतो, गरम दूध देतो पोरीले. नाही म्हणू नका.