जुनी बेसबॉल कार्डं नागपुरात टिकवायची कशी?

महालकर: न्यू जर्सीतला मामा येताना टॉप्स कंपनीची १९५०च्या दशकातली बेसबॉल खेळाडूंची कार्डं आणतो. मिकी मँटलसारख्या बड्या खेळाडूचं कार्ड परवडत नाही, आणि खरं सांगू, मला तो नकोच. मला हवेत राखीव कॅचर (चेंडू झेलणारे), दोन हंगामांत गाशा गुंडाळलेले पिचर (चेंडू टाकणारे). मागच्या बाजूचे त्यांचे आकडे वाचत बसतो. पण कूलर सुरू झाला की कार्डं वाकतात. काय करू?

धरमपेठ_जुनाट: भाऊ, उन्हापेक्षा कूलरचा ओलावा वाईट. डबा त्या खोलीतून हलवा, झाकण घट्ट हवं, आत सिलिका जेलच्या पुड्या. बाहेरच्या भिंतीला लागून ठेवू नका, मे महिन्यात ती भिंत रात्रीही तापलेली असते. आणि रबरबँड? हात जोडतो, नको! १९५२च्या संचात पहिलं कार्ड अँडी पाफ्कोचं. पोरं गठ्ठ्याला रबर लावायची, वरचा पाफ्को आधी खराब व्हायचा. म्हणून धड अवस्थेतला पाफ्को आज एवढा महाग.

इतवारीवाली: पाकिटं पॉलिप्रॉपिलीनची घ्या, पीव्हीसीची चिकटतात. माप आधी बघा हं: १९५२ ते १९५६ची टॉप्स कार्डं पावणेचार इंच उंच, १९५७पासून साडेतीन. आजच्या नेहमीच्या पाकिटात जुनी मावत नाहीत.

महालकर: तरीच कोपरे दुमडत होते! दोघांचे आभार. सेंट लुई ब्राउन्स संघाचा एक पिचर दुबार आलाय, भरपूर सामने हरलेला. कोणाला हवाय का?

धरमपेठ_जुनाट: मला! रविवारी येतो.